रिकामा लॉग आणि ४०३: पाचव्या यंत्रावर न चालणाऱ्या फ्रंटएंडचे प्रकरण

चार सहकाऱ्यांच्या यंत्रांवर रोज सकाळी बिनतक्रार सुरू होणाऱ्या एका फ्रंटएंडला, म्हणजे वेब अ‍ॅपच्या ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या भागाला, पाचव्या यंत्रावर सुरू व्हायला साडेचार दिवस लागले. त्या साडेचार दिवसांत काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, कोणती अनुमाने चुकली आणि अखेरीस प्रकल्पात काय बदलावे लागले, याची ही सविस्तर नोंद आहे. त्या फ्रंटएंडची देखभाल माझ्याकडे होती आणि त्याच्या रीडमी फाइलमधील सूचनाही मीच लिहिलेल्या होत्या.

परिस्थिती

अ‍ॅपचा इंटरफेस रिअ‍ॅक्टमध्ये लिहिलेला होता. २०२० साली त्याची सुरुवात झाली तेव्हा नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) १४ वी आवृत्ती, सगळा कोड एकत्र करून ब्राउझरसाठी बंडल तयार करण्यासाठी वेबपॅक ४ आणि स्टाइलशीटसाठी नोड-सॅस असा संच निवडला गेला, आणि पुढील सुमारे अडीच वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. बॅकएंड, म्हणजे मागे राहून विनंत्यांना उत्तर देणारा सर्व्हरचा भाग, पायथनमध्ये, वेगळ्या रिपॉझिटरीत (कोड साठवण्याच्या जागेत) होता आणि तो विकासकाच्या यंत्रावर ५००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारावर, चाले. फ्रंटएंडचा डेव्हलपमेंट सर्व्हर ३००० क्रमांकाच्या पोर्टवर चाले आणि 'एपीआय'ने सुरू होणाऱ्या मार्गांवरील विनंत्या स्वतःच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या दुव्यातून, बॅकएंडकडे पाठवी. रीडमीत लोकल सेटअपसाठी तीन ओळी होत्या: रिपॉझिटरी क्लोन करा (तिची प्रत घ्या), एनपीएम इन्स्टॉल चालवा (एनपीएम हे नोडसोबत येणारे, तयार पॅकेजे बसवणारे साधन), एनपीएम स्टार्ट चालवा.

२०२३ च्या प्रारंभी रुजू झालेल्या नव्या सहकारी अनुभवी होत्या. त्यांना मिळालेला लॅपटॉप अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा होता, ज्या चिपची पहिली यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आली. त्यांनी नोडच्या संकेतस्थळावरून त्या वेळची दीर्घकालीन समर्थन असलेली १८ वी आवृत्ती बसवली. कोणती आवृत्ती हवी हे आमच्या प्रकल्पात कोठेही लिहिलेले नसल्यामुळे त्यांचा हा निर्णय पूर्णपणे योग्य होता. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पहिल्या दिवशी टीममधील पहिली प्रतिक्रिया "तुम्ही चुकीची आवृत्ती घेतली" अशी होती, आणि ती अन्यायकारक होती.

पहिले दोन दिवस: पॅकेजे

पहिलीच कमांड अपयशी ठरली. एनपीएमने ई-रिझॉल्व्ह हा एरर दाखवून काम थांबवले. दोन पॅकेजांना रिअ‍ॅक्टच्या परस्परविरोधी आवृत्त्या सोबती पॅकेज म्हणून हव्या होत्या. ही विसंगती आमच्या प्रकल्पात आधीपासून होती, परंतु नोड १४ सोबत येणारे एनपीएम ६ अशा वेळी फक्त सावधानतेची एक ओळ छापून पुढे जात असे. २०२० च्या अखेरीस आलेल्या एनपीएम ७ पासून ही सोबती पॅकेजे आपोआप बसवली जाऊ लागली, आणि त्यामुळे जी विसंगती पूर्वी एका दुर्लक्षित ओळीत दडत होती ती आता रस्ताच अडवू लागली. एका सहकाऱ्याने लगेच ही विसंगती दुर्लक्षित करणारा 'लेगसी पीअर डेप्स' हा पर्याय लावण्याचा सल्ला दिला. तो लावताच एरर गेला आणि त्याबरोबर लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) नव्या रचनेत पुन्हा लिहिली गेली. परिणामी गिटने (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) हजारो ओळींचा बदल दाखवला. आपल्या हातून काही बिघडले की काय, या शंकेने नव्या सहकाऱ्यांनी तो बदल मागे घेतला आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आल्या.

त्याखालची अडचण अधिक खोल होती. नोड-सॅस हे पॅकेज केवळ जावास्क्रिप्ट नसते. सी++ मध्ये लिहिलेल्या लिबसॅसभोवतीचे ते वेष्टन आहे. नोडची प्रत्येक मोठी आवृत्ती, कार्यप्रणाली आणि प्रोसेसर यांच्या जोडीसाठी त्याला वेगळी तयार बायनरी (यंत्राला थेट चालवता येणारी फाइल) लागते, आणि ती मिळाली नाही तर ते विकासकाच्या यंत्रावर ती बांधू पाहते. आमच्याकडील ४.१४ ही आवृत्ती नोड १४ पर्यंतच चालणारी होती. नोड १८ साठी तयार बायनरी नव्हती म्हणून बांधणी सुरू झाली, बांधणीच्या जुन्या साधनाला पायथन २ हवा होता, आणि मार्च २०२२ मधील मॅकओएस १२.३ पासून पायथन २ कार्यप्रणालीतून काढून टाकलेला होता. पडद्यावर मात्र 'पायथन सापडत नाही' एवढेच दिसत होते. बॅकएंडसाठी पायथन ३ बसवलेला असताना पायथन का सापडत नाही, या प्रश्नात अर्धा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी नोड १४ वरच जावे असे ठरले. परंतु अ‍ॅपलच्या चिपसाठी नोडची अधिकृत तयार बांधणी १६ व्या आवृत्तीपासून मिळते. १४ वी आवृत्ती त्या यंत्रावर तयार बांधणीतून चालवायची तर इंटेल प्रोसेसरसाठी केलेली बांधणी रोझेटा या अनुवादक थरातून चालवावी लागते. हा मार्ग शक्य होता आणि कदाचित दोन तासांत पार पडला असता. तरीही मी त्याला नकार दिला. नोड १४ चे समर्थन ३० एप्रिल २०२३ रोजी संपणार होते, म्हणजे काही महिन्यांत संपणाऱ्या आवृत्तीसाठी आम्ही नव्या यंत्रात कायमचा अनुवादक थर घालणार होतो, आणि पुढच्या प्रत्येक नव्या व्यक्तीला तेच सांगत बसणार होतो. त्याऐवजी नोड-सॅस काढून त्याच्या जागी डार्टवर आधारित, शुद्ध जावास्क्रिप्टमध्ये मिळणारे सॅस पॅकेज बसवले. लिबसॅस आणि नोड-सॅस यांची वाटचाल २०२० मध्येच थांबवण्यात आल्याचे त्यांच्या कर्त्यांनी जाहीर केले होते, त्यामुळे हा बदल तसाही केव्हाचा राहून गेलेला होता. स्टाइलशीटमध्ये तिरप्या रेघेने केलेले भागाकार नव्या सॅसच्या भागाकार फंक्शनमध्ये बदलावे लागले, आणि एवढ्यावर तो विषय संपला.

त्यानंतर परस्परविरोधी सोबती पॅकेजांपैकी एक अद्ययावत केले, लॉकफाइल नव्या एनपीएमने एकदाच आणि जाणीवपूर्वक पुन्हा तयार करून स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधील एका नोंदीत) टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी पॅकेजे बसली.

डेव्हलपमेंट सर्व्हर: एक फ्लॅग आणि त्याची किंमत

एनपीएम स्टार्ट चालवल्यावर 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स, अनसपोर्टेड' असा ओपनएसएसएलचा, म्हणजे नोड वापरत असलेल्या कूटलेखनाच्या लायब्ररीचा, एरर आला. एखादे प्रमाणपत्र किंवा सुरक्षित जोडणी बिघडल्यासारखा हा एरर वाटतो. प्रत्यक्षात त्याचा नेटवर्कशी काही संबंध नसतो. वेबपॅक ४ मॉड्यूल आणि फाइली ओळखण्यासाठी एमडी४ हा १९९० सालचा हॅश, म्हणजे मजकुराचा छोटा ठसा काढणारी पद्धत, वापरतो. येथे सुरक्षिततेचा प्रश्नच नसतो, दोन मजकूर वेगळे आहेत एवढेच कळायला हवे असते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३ ने एमडी४ ला जुन्या अल्गोरिदमांच्या वेगळ्या कप्प्यात टाकले, हा कप्पा मुळात बंद असतो, आणि ऑक्टोबर २०२१ मधील नोड १७ पासून नोड हेच ओपनएसएसएल ३ वापरतो. हॅश कशासाठी मागितला जात आहे हे ओपनएसएसएलला कळण्याचा मार्ग नसल्याने तो सरसकट नकार देतो. वेबपॅकच्या मांडणीत दुसरा हॅश लिहून प्रश्न सुटत नाही, कारण वेबपॅक ४ च्या काही भागांत एमडी४ हे नाव थेट कोडमध्येच लिहिलेले आहे.

या एररवर सर्वत्र आढळणारा उपाय म्हणजे 'ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर' हा फ्लॅग, म्हणजे तो बंद कप्पा उघडणारा पर्याय. नव्या सहकाऱ्यांनी तो स्वतःच्या शेलच्या प्रोफाइल फाइलमध्ये घातला, म्हणजे तो प्रत्येक टर्मिनलमध्ये आपोआप लागू व्हावा. सर्व्हर सुरू झाला. परंतु संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या एका प्रकल्पासाठी नोड १६ निवडला तेव्हा तो सुरूच होईना, कारण जुन्या नोडला हा फ्लॅग ठाऊक नसतो आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून) अनोळखी फ्लॅग आल्यास तो चालण्यास नकार देतो. म्हणजे आमच्या प्रकल्पाचा दोष झाकण्यासाठी केलेल्या उपायाने त्यांचे दुसरे काम बंद पाडले होते.

वेबपॅक ५ वर जाणे हा खरा उपाय होता. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या एमडी४ ची अंमलबजावणी स्वतःसोबत आणतात आणि ओपनएसएसएलवर विसंबत नाहीत. ते काम एका दिवसाचे नव्हते. म्हणून फ्लॅग ठेवला, पण तो प्रकल्पाच्या स्टार्ट स्क्रिप्टमध्ये, फक्त त्या एका प्रक्रियेपुरता, आणि तो का आहे व कधी काढायचा याची नोंद करून ठेवला. उसना उपाय घ्यावा लागला तर तो ज्याच्यामुळे लागतो त्याच्याच अंगणात राहावा, असे माझे मत आहे.

४०३

तिसऱ्या दिवशी दुपारी लॉगिनचे पान दिसले. नाव आणि पासवर्ड भरून बटण दाबले, आणि सर्व्हरकडून ४०३ हा नकाराचा क्रमांक आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ४०३. लॉगिन न लागणारा, केवळ अ‍ॅपची आवृत्ती सांगणारा मार्गसुद्धा ४०३ देत होता.

येथून पुढचा दीड दिवस आम्ही कसा घालवला हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक येथे झाली. ४०३ याचा अर्थ 'तुम्ही कोण आहात ते कळले, पण परवानगी नाही' असा आम्ही शिकलेला असल्यामुळे प्रत्येकाचे लक्ष परवानग्यांकडे गेले. नव्या सहकाऱ्यांच्या खात्याला आधी साधी, मग व्यवस्थापकाची भूमिका देण्यात आली. डेटाबेस रिकामा करून पुन्हा भरला गेला. बनावट विनंत्या रोखण्यासाठी बॅकएंडमध्ये असलेली टोकनची तपासणी तात्पुरती बंद केली गेली. एका क्षणी बॅकएंडमधील परवानगी तपासणारे संपूर्ण फंक्शन 'सर्वांना होकार' असे बदलले, तरीही उत्तर ४०३ च राहिले. त्या क्षणी आम्ही थांबायला हवे होते. जो कोड नकार देऊ शकतो तो सगळा काढून टाकल्यावरही नकार येत असेल, तर नकार देणारा कोणी दुसराच असला पाहिजे.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांच्याशेजारी बसलो आणि दोन्ही टर्मिनल एकमेकांशेजारी ठेवायला सांगितले. त्यांनी बटण दाबले. ब्राउझरमध्ये ४०३ आला, आणि बॅकएंडच्या लॉगमध्ये एकही ओळ उमटली नाही. आदल्या दिवशीचा लॉग वर सरकवून पाहिला तर तोही सुरुवातीच्या ओळीनंतर कोरा होता. दीड दिवस आम्ही ज्या प्रोग्रॅमच्या परवानग्या दुरुस्त करत होतो त्याच्यापर्यंत एकही विनंती पोहोचलेली नव्हती.

मग ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमध्ये त्या उत्तराचे हेडर (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) उघडले. 'सर्व्हर' या हेडरपुढे आमच्या बॅकएंडचे नाव नव्हते. तेथे 'एअरट्यून्स' असे लिहिलेले होते. ५००० हे पोर्ट कोण ऐकत आहे, हे एलएसओएफ या कमांडने विचारले तेव्हा दोन प्रक्रिया दिसल्या: एक आमचा पायथन, आणि दुसरी मॅकओएसचे कंट्रोल सेंटर. २०२१ च्या मॅकओएस मॉन्टेरीपासून एअरप्ले रिसीव्हर, म्हणजे दुसऱ्या उपकरणावरील चित्र व ध्वनी मॅकवर स्वीकारणारी सेवा, ५००० आणि ७००० ही पोर्टे वापरते. अनोळखी एचटीटीपी विनंती आली की ती ४०३ देते.

मग दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टवर कसे, आणि आमचा बॅकएंड 'पोर्ट व्यापलेले आहे' असे म्हणून थांबला का नाही? एअरप्लेची सेवा यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ऐकते, तर आमचा बॅकएंड केवळ १२७.०.०.१ या एका पत्त्यावर ऐकत होता. पत्त्याच्या पुनर्वापराची मुभा मागणाऱ्या प्रोग्रॅमला मॅकओएसमध्ये अशा प्रकारे एक ठरावीक पत्ता वेगळा घेता येतो. त्यामुळे १२७.०.०.१ वर येणारी विनंती बॅकएंडला मिळाली असती, आणि त्याच पोर्टवरील अन्य कोणत्याही पत्त्यावर येणारी एअरप्लेला.

आणि आमच्या प्रॉक्सीत पत्ता लिहिलेला होता 'लोकलहोस्ट'. 'हेच यंत्र' या अर्थाचे हे नाव दोन पत्त्यांकडे नेते: जुन्या पत्तापद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४ चा, १२७.०.०.१ आणि नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, ::१. नोड १६ पर्यंत नोड हे पत्ते आयपीव्ही४ आधी अशा क्रमाने लावून घेत असे. नोड १७ पासून कार्यप्रणाली ज्या क्रमाने देईल त्याच क्रमाने तो ते वापरू लागला. त्या मॅकवर ::१ पहिला येत होता. प्रॉक्सी ::१ वर गेला, तेथे बॅकएंड नव्हताच, एअरप्ले होता, आणि त्याने नियमाप्रमाणे ४०३ दिला. एअरप्ले नसता तर जोडणी नाकारली गेली असती, प्रॉक्सीने तसा एरर टर्मिनलमध्ये छापला असता आणि दहा मिनिटांत कारण हाती आले असते. येथे मात्र जोडणी यशस्वी होत होती आणि रीतसर उत्तर येत होते, म्हणून प्रॉक्सीला तक्रार करण्याजोगे काही दिसतच नव्हते. नोड २० मध्ये एका पत्त्यावर जोडणी होत नसेल तर दुसरा करून पाहण्याची सोय मुळातच चालू असते. परंतु याच कारणाने तिचाही येथे उपयोग झाला नसता.

शोध लागल्यावर एका जुन्या सहकाऱ्याने स्वतःच्या इंटेल मॅकवर तीच कमांड चालवली. त्याच्याकडेही कंट्रोल सेंटर ५००० वर ऐकत होते, आणि कार्यप्रणाली अद्ययावत केल्यापासून ऐकत आले होते. नोड १४ आयपीव्ही४ आधी घेत असल्यामुळे त्याच्या विनंत्या योग्य जागी जात होत्या, एवढाच फरक. ही टक्कर नव्या यंत्राने निर्माण केलेली नव्हती. आमच्यातच ती होती, एका जुन्या आवृत्तीच्या सवयीने झाकलेली.

एअरप्ले रिसीव्हर सेटिंग्जमधून बंद करता येतो, आणि काहींचे मत तसे रीडमीत लिहावे असे होते. मला ते पटले नाही. एखाद्याच्या यंत्रावरील त्याच्या उपयोगाची सेवा आमच्या पोर्टच्या हट्टापायी बंद करायला सांगण्याचे कारण नाही. बॅकएंड ८००० वर नेला आणि प्रॉक्सीत लोकलहोस्टऐवजी १२७.०.०.१ लिहिले. खरे तर पत्त्याच्या एकट्या बदलानेही काम भागले असते. दोन्ही केले, कारण दोन स्वतंत्र दोष होते आणि एक दुरुस्त केल्यावर दुसरा पुन्हा झाकला गेला असता.

दुपारी लॉगिन झाले.

बाकीच्या यंत्रांवर काय चालले होते

या अनुभवानंतर मी उरलेल्या चौघांना त्यांचे सेटअप जसेच्या तसे दाखवण्याची विनंती केली. जे दिसले त्याने मला अधिक अस्वस्थ केले. चौघांपैकी दोघे लोकल बॅकएंड चालवतच नव्हते. त्यांचा फ्रंटएंड थेट सामायिक चाचणी सर्व्हरशी बोलत होता, आणि दुसऱ्या ओरिजिनचे उत्तर ब्राउझर वाचू देत नाही म्हणून त्यांनी सीओआरएस या नावाची ही तपासणी निष्प्रभ करणारे एक एक्स्टेन्शन बसवलेले होते. ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट हे त्रिकूट. त्यातील एकही वेगळे असेल तर ब्राउझर ते परके मानतो. असे एक्स्टेन्शन केवळ आपल्या अ‍ॅपपुरते काम करत नाही. ते चालू असताना त्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये उघडलेल्या अन्य पानांनाही परकी उत्तरे वाचण्याची वाट मोकळी होऊ शकते. शिवाय उत्तरात 'कोणालाही चालेल' या अर्थाचे तारांकन असेल तर कुकीसह केलेल्या विनंतीचे उत्तर ब्राउझर तरीही अडवतोच. त्यामुळे त्या दोघांचे लॉगिन त्या मार्गाने होत नसे, आणि ते चाचणी सर्व्हरच्या पानावरून टोकन उचलून हाताने चिकटवत. एवढे कष्ट ते दोन वर्षे घेत होते आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण त्यांना तो कामाचाच भाग वाटत होता. प्रॉक्सीचे प्रयोजनच हे असते की ब्राउझरला एकच ओरिजिन दिसावे आणि सीओआरएसचा प्रश्नच उभा राहू नये. चाचणी सर्व्हरशी बोलायचे असेल तरी ते प्रॉक्सीतूनच व्हावे, आणि त्या सर्व्हरने कुकीवर स्वतःच्या डोमेनचे नाव घातलेले असेल तर प्रॉक्सीने ते बदलून द्यावे, अशी मांडणी आता केली आहे.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची कथा थोडक्यात अशी: त्यांची फाइल रिपॉझिटरीत नव्हती, हे योग्यच होते, पण तिचा नमुनाही नव्हता. नव्या सहकाऱ्यांना ती चॅटवरून मिळाली आणि तिच्यात बॅकएंडची एक गुप्त कीसुद्धा होती, जिचा फ्रंटएंडशी काही संबंध नव्हता. फ्रंटएंडमध्ये ही मूल्ये बिल्डच्या वेळी मजकूर म्हणून बंडलमध्ये उतरतात. जे बंडलमध्ये गेले ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात गेले. सुदैवाने त्या कीचे नाव बंडलमध्ये उतरणाऱ्या यादीत नव्हते. तरीही ती की त्याच दिवशी बदलली.

काय बदलले

नोडची आवृत्ती दोन ठिकाणी लिहिली. एनव्हीएमआरसी फाइलमध्ये, म्हणजे आवृत्ती निवडणाऱ्या साधनाला ती वाचता यावी, आणि पॅकेज.जेसनच्या (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या फाइलच्या) इंजिन्स या नोंदीत. इंजिन्सची नोंद एकटी पुरेशी नसते, कारण आवृत्ती जुळली नाही तर एनपीएम केवळ सावध करतो आणि पुढे जातो. एनपीएमआरसी फाइलमध्ये इंजिन-स्ट्रिक्ट चालू केल्यावरच तो थांबतो. थांबणे आम्हाला हवे होते.

रीडमीत एनपीएम इन्स्टॉलच्या जागी एनपीएम सीआय आले. ही कमांड आधीचे नोड-मॉड्यूल्स काढून टाकते, लॉकफाइलमध्ये लिहिलेल्याच आवृत्त्या बसवते, लॉकफाइलला हात लावत नाही, आणि ती पॅकेज.जेसनशी जुळत नसेल तर काम नाकारते. आमची लॉकफाइल दोन पॅकेजांबाबत मागे पडलेली होती, आणि ही कमांड पहिल्यापासून वापरात असती तर ते त्याच दिवशी उघड झाले असते. एनपीएम इन्स्टॉल आता फक्त पॅकेज जाणीवपूर्वक घालताना किंवा बदलताना वापरायचे, असा नियम आहे.

एन्व्हायर्नमेंट फाइलचा नमुना रिपॉझिटरीत ठेवला, त्यात प्रत्येक नावापुढे ते कशासाठी आहे याची एक ओळ लिहिली, आणि मूल्याच्या जागी लोकल यंत्रावर चालेल असे निरुपद्रवी मूल्य ठेवले. पूर्वी एखादे मूल्य राहून गेले तर फ्रंटएंड 'अनडिफाइन्ड' याच शब्दाने सुरू होणाऱ्या मार्गावर विनंती पाठवत असे. आता मूल्य नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही आणि कोणते नाव राहिले ते सांगतो.

सर्वांत उपयोगी ठरली ती एक छोटी तपासणी स्क्रिप्ट. ती नोडची आवृत्ती पाहते, ३००० आणि ८००० ही पोर्टे कोणी आधीच घेतली आहेत का ते पाहते, आणि बॅकएंड चालू असल्यास त्याच्या आवृत्ती सांगणाऱ्या मार्गावर विनंती पाठवून उत्तर खरोखर आमच्याच बॅकएंडकडून आले आहे का ते तपासते. त्यासाठी बॅकएंड प्रत्येक उत्तरात स्वतःची ओळख सांगणारा एक हेडर घालू लागला. ४०३ सारख्या स्थितीदर्शक क्रमांकावरून उत्तर कोणी दिले हे कळत नाही, आणि आमचे दीड दिवस याच एका अज्ञानापायी गेले होते.

सगळा फ्रंटएंड कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सर्व गोष्टींसह वेगळ्या चालणाऱ्या कप्प्यात, टाकावा, म्हणजे यंत्रांतील फरकच उरणार नाहीत, असा प्रस्तावही गांभीर्याने विचारात घेतला. डेटाबेससाठी तो स्वीकारला. फ्रंटएंडसाठी नाकारला. मॅक आणि विंडोजवर लिनक्स कंटेनर आभासी यंत्रात चालतो, फाइली त्या सीमेपलीकडून वाचाव्या लागतात, आणि नोड-मॉड्यूल्ससारख्या हजारो लहान फाइलींच्या फोल्डरला त्याचा फटका बसतो. फाइल जतन केल्यावर क्षणात पान बदलणे ही फ्रंटएंडच्या कामातील मुख्य सोय मंदावते. दिवसातून शेकडो वेळा होणारी गोष्ट मंद करून, वर्षातून दोनदा होणारी सोपी करावी, हे मला योग्य वाटले नाही. याच्याशी सर्वजण सहमत नव्हते, आणि ज्यांचा बॅकएंड अधिक गुंतागुंतीचा आहे त्यांचे उत्तर वेगळे असू शकते.

प्रत्येक बदलानंतर कोऱ्या यंत्रावर क्लोन, एनपीएम सीआय आणि बिल्ड असा क्रम चालवणारे कामही सीआय सर्व्हरवर (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रावर) लावले. पहिल्याच आठवड्यात त्याने एक दोष पकडला: एका घटकाची फाइल मोठ्या अक्षराने सुरू होत होती आणि इम्पोर्टमध्ये नाव लहान अक्षराने लिहिलेले होते. मॅक आणि विंडोजवरील फाइलप्रणाली मुळात अक्षरांच्या लहानमोठेपणात फरक करत नाही, लिनक्सवरील करते. मात्र हे काम लिनक्सवर चालत असल्याने एअरप्लेची टक्कर त्याला कधीच दिसली नसती, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दुसरे नवे यंत्र

तीन महिन्यांनी आणखी एक सहकारी रुजू झाले. या वेळी मी त्यांच्या मागे बसलो, रीडमी त्यांनीच वाचावी आणि मी काही सांगू नये असे आधी ठरवले, आणि ते जेथे थांबतील तेथे वेळ लिहून घेतली. त्यांचे यंत्र विंडोजचे होते. त्यांनी विंडोजच्या गिटने रिपॉझिटरी सी ड्राइव्हवर क्लोन केली आणि पुढील कमांड डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या सोयीच्या) लिनक्स टर्मिनलमध्ये चालवल्या. तपासणी स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर अडली: विंडोजच्या गिटने ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्नचे चिन्ह घातले होते आणि लिनक्स त्या चिन्हासकट 'बॅश' (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) हे नाव शोधत होता. ते सुधारल्यावर सर्व्हर सुरू झाला, पण फाइल जतन करूनही पान बदलेना, कारण डब्ल्यूएसएल २ मध्ये विंडोजच्या ड्राइव्हवरील फाइलींच्या बदलाची सूचना लिनक्सच्या बाजूला पोहोचत नाही.

रिपॉझिटरी डब्ल्यूएसएलच्या स्वतःच्या फाइलप्रणालीत क्लोन केल्यावर दोन्ही प्रश्न एकदमच सुटले. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये स्क्रिप्टसाठी ओळींचा शेवट ठरवून दिला, म्हणजे कोणाच्याही गिटच्या सेटिंगवर तो अवलंबून राहू नये. रीडमीतील विंडोजविषयीचा परिच्छेद त्या सहकाऱ्यांनी स्वतः, त्याच दुपारी लिहिला. क्लोनपासून लॉगिनपर्यंत त्यांना दोन तास चाळीस मिनिटे लागली होती आणि त्यातील पावणेदोन तास याच दोन कारणांनी गेले होते. त्यानंतरच्या महिन्यात वेबपॅक ५ वर जाण्याचे काम पुरे झाले आणि स्टार्ट स्क्रिप्टमधील फ्लॅग, त्याच्या नोंदीसह, काढून टाकला.